एक दिवस जास्त

...तर तिनं माझ्या ओढणीला तोंडच लावलं नाही, तिथंच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. तुम्ही म्हणाल, मेंढीनं ओढणी खाल्ली नाही हे बरंच की. अहो, पण ती आमची ढवळी, माझी बी.ए.ची गुणपत्रिका खाल्लेली, आणि लस टोचून दोन तास झाले तर मान खाली घालून उभी, पाल्याकडंसुद्धा बघेना. मी दचकले. भिवराआत्या नाही. तिनं ढवळीचा कान चाचपला नि म्हणाली, “आंग लय तापलंय, शाले. पाणी आण.”

तुम्हाला सांगते, आत्यानं काय नाही केलं? चमच्यानं गुळाचं पाणी, अंगावर स्वतःचं घोंगडं, वर दिवसभर गप्पा... “ऊठ माय, तुझं कोकरू वरडायलंय.” डॉक्टर म्हणाले, बाकी चाळीसजणींना काही नाही, हिलाच लस बाधली, दोन दिवस काढले तरी खूप. मी रडले. आत्या नाही. आठव्या दिवशी सकाळी ढवळीनं आत्याच्या हातून बाभळीचा पाला खाल्ला, आणि आडवी झाली ती झालीच.

मग आम्ही कचेरीत. भरपाई मिळाली तर दुसरी दुभती मेंढी येणार, तिच्यावर कोकरू जगणार, नाहीतर त्या बाटलीच्या दुधावर ते किती दिवस काढणार? डॉक्टरांचं पत्र होतं, पंचनामा होता, अर्जाचा शेवटचा दिवसही तोच होता. तिथल्या बाबूंनी बोटांवर दिवस मोजले. “टोचल्यापासून सात दिवसांत दगावलेलंच जनावर पात्र. तुमी लय जपलं हो बाई, तिथंच घोटाळा झाला.”

म्हणजे बघा, गूळ जरा कमी पाजला असता तर बसली असती ढवळी नियमात!

बाबूंनी हळूच पेन सरकवलं. “पंचनाम्यावर तारखेची जागा कोरीच हाय. एक दिवस अलीकडं घाला की, कोण बघायलंय?” मी घाबरले, आणि घाबरून पेन घेतलंसुद्धा. आत्या नाही. “दादा, आठ दिवस जगली ती. तिचा जगलेला दिस मी कसा खोडू?”

बाबूंनी पेन परत घेतलं आणि त्यांनीच मोठ्या साहेबांचा नंबर लिहून दिला, सूट द्यायची तर तेच देणार. एकोणीस वेळा लावला. दर वेळी तीच बाई, ‘आपण ज्यांना संपर्क करू इच्छिता...’ आणि विसाव्यांदा एकदम, “बोला.”

फोन पडता पडता राहिला. पाठ केलेले नियम, कलमं, विनंती-विशेष, सगळं साफ उडालं, आणि शेजारी आत्या माझ्या तोंडाकडं बघायलेली...

“साहेब,” म्हटलं, “माफ करा. आमची मेंढी एक दिवस जास्त जगली.”