दोघांनी राखलेला स्विमिंग पूल

नाही, नाही, ती बाटली परत बुडवा, तुमच्या तपासणीतच काहीतरी चुकतंय — क्लोरीन दुप्पट कसं असेल? मी स्वतः मोजून टाकते. तुम्ही फोनवर सांगितलंत तसंच, ऊन उतरलं की, आधी बादलीत विरघळवून, मग काठाकाठाने फिरून. ब्रशने भिंती घासते, जाळीने पानं काढते, फिल्टरची टोपली रिकामी करते — आणि वर तुम्ही मलाच म्हणता दुप्पट. मला काय वेड लागलंय? माझ्या नातीचे डोळे लालबुंद झाले, अंगभर पुरळ उठलं, लेक तिला टॉवेलात गुंडाळून घेऊन गेली ती गेलीच. म्हणाली, जाणकार माणसाने पाणी तपासून बरं म्हटल्याशिवाय आम्ही येणार नाही. पोरीची सगळी सुट्टी अशीच जाणार. म्हणून बोलावलंय तुम्हाला, मला शिकवायला नाही.

काय? दुसरं कोण टाकणार — घरात आम्ही दोघंच, मी आणि हे. आणि हे कशाला टाकतील, ह्यांना तर — थांबा. ह्यांनीही फोन केला होता तुम्हाला? आणि सकाळी टाकलं तर चालेल का, असं विचारलं? अहो दादा, मग एकाच घरातून दोन फोन आले, तुम्हाला काहीच वाटलं नाही? — हो, तेही खरंच, तुम्हाला काय वाटणार. नवरा-बायको आहेत, बोलत असतील आपापसांत.

नाही बोलत आम्ही. आता विषय निघालाच आहे तर ऐका. जावयाचे आईवडील आले होते, तर हे इथे काठावर उभे राहून, पोट पुढे काढून त्यांना सांगतात, 'हिला कुठलं जमतंय, पूलचं सगळं मीच बघतो.' सगळं मीच म्हणे. जाळी कुठल्या बाजूने धरतात ते माहीत नव्हतं ह्यांना. मी हातातला ट्रे तिथेच ठेवला आणि आत गेले. म्हटलं, आता दाखवतेच कोण बघतं ते. दुसऱ्या दिवसापासून पूल हातात घेतला. सांगितलं नाही — का सांगू? डोळे आहेत त्याला दिसेल. आणि ह्यांनीही तेच केलं असणार, मी अंघोळीला गेले की. तरीच टोपली कधीकधी रिकामी मिळायची, आणि मी आपली खूश, की आज पानं कमी पडली. म्हणजे दोन म्हातारी माणसं राबतायत ती एकमेकांचं नाक ठेचायला, आणि भोगलं कुणी, तर त्या लेकराने.

नाही, माझी चूक नाही ही. 'टाकलंय' — एवढा एक शब्द बोलायला ह्यांचं काय जात होतं? मिठाची गुळणी धरून बसलेत. मी? मी का बोलू आधी? भांडण कुणाचंही असो, उभा जन्म आधी मीच बोलत आले. या वेळी म्हटलं, बोलायचं नाही म्हणजे नाही. सोपं नसतं हो ते. टीव्ही मोठ्याने लावून ठेवते, घरात कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून. हे खोकले तरी बरं वाटतं मला — हसू नका.

तुम्ही असं करा, जाताना तुम्हीच सांगा ह्यांना. क्लोरीन उतरेपर्यंत काही टाकू नका म्हणावं, माझं नाव घेऊ नका. असतील आतल्या — ते बघा, आले. बादली घेऊन, तिकडून, आपल्याकडे न बघता. मुद्दाम, तुम्ही बघावं म्हणून. हाक मारा ना. जोरात मारा, मोटर चालू आहे, तुमचा आवाज जायचा नाही — अहो दादा, ते ओततायत —

अहो! अहो, थांबा. नका टाकू. मी टाकते रोज संध्याकाळी. अहो, मीच टाकते... हो, तुमच्याशीच बोलतेय. ठेवा ती बादली खाली. आले मी, तिथेच थांबा.

तुम्ही निघा, दादा. पाणी कधी बरं होईल ते उद्या फोन करून सांगा. कुणीही उचलला तरी चालेल.