डाव्या कुशीवरची पंधरा मिनिटं

— अहो सिस्टर, फ्रीज काही पळून जात नाहीये, बसा जरा. देते ना गोळी काढून. पलीकडे त्यांचा फ्रीज बिघडला तेव्हापासून माईंची औषधं माझ्याच घरात — लोण्याच्या डब्याशेजारी, हो, त्या मागच्या वाटेनं द्यायच्या गोळ्या, त्यात लाजायचं काय? पाणी प्यायल्या तरी उलटून पडतं, मग दुखणं थांबवायचं औषध जाणार कुठून? पाच महिने मीच दिलं. सून आठला ऑफिसला निघाली की किल्ली माझ्याकडे. पहिल्या दिवशी माईंनी चादर तोंडावर ओढली, म्हणाल्या, "आता तुला काय काय दाखवू गं बाई." मी म्हटलं, माई, माझी दोन बाळंतपणं झालीत, मला कुणाच्या कशाचं नवल राहिलेलं नाही. हसल्या की.

डावी कूस, वरचा गुडघा पोटाशी, टोकाकडून अलगद सरकवायची — ते तुम्हाला शिकवलं असेल, ते कुणीही करतं. पण नंतर पंधरा मिनिटं हलायचं नाही ना, खरं काम तेव्हा. माई भिंतीकडे तोंड करून, मी पाठीशी. तोंड दाखवायचं नसलं की माणूस काय काय बोलतं, सिस्टर. नवऱ्याचं, लहानपणीच गेलेल्या मुलीचं — सुनेला ठाऊक नाही ते मला ठाऊक आहे. तुम्हाला सांगितलं का त्यांनी? — नाही? बरं. — मग परवा कशाला हसत होतात दोघी? भिंत पातळ आहे आमची. कान लावून नव्हते बसले, कपाट आवरत होते. तासभर कपाटच आवरत होते.

सून म्हणाली, "काकू, तुम्हाला किती त्रास द्यायचा, आता शिकलेली बाई ठेवलीय." त्रास म्हणे. मी कधी म्हटलं त्रास? आणि शिकलेली — मग काल गोळी बाहेर कशी आली? सगळी चादरीला लागली, माई दुपारभर कण्हत होत्या, मला काय ऐकू येत नव्हतं? मऊ झालेली गोळी आत जाणारच नाही, वेष्टनासकट गार पाण्यात धरायची आधी. सकाळपासून ओट्यावर शेगडीपाशी राहिली, तर लोणीच होणार तिचं —

काय? — मला कसं ठाऊक, ओट्यावर होती ते? — फ्रीज पुसायला काढलं होतं सगळं. म्हणजे — पुसला नाही. तेवढं एकच पाकीट काढलं होतं, तुम्ही यायच्या आत परत ठेवलं. वाटलं, एक दिवस तुम्हाला नाही जमलं तर बोलावतील मला. माईंना दुखेल हे डोक्यातच आलं नाही हो. आणि बोलावलं नाहीच कुणी. दोनदा चपला घातल्या मी. कुठल्या तोंडानं जाणार होते?

ही घ्या. मागच्या कप्प्यातली आहे, दगडासारखी घट्ट. — माई काय विचारतात? मी का येत नाही म्हणून? रोज विचारतात? — सांगा, पाहुणे आलेत माझ्याकडे. सुनेला सांगायचं ते खुशाल सांगा. माईंना नका सांगू. — आता उभ्या काय राहिलात, त्या तिकडे कूस वळवून वाट बघत असतील. जा. दार ओढून घ्या.