गणपतीच्या कोपऱ्यातली भिंत

हॅलो? अनिताताई? मी ऋजुता… हो, रोह्याहूनच. ऐक ना, माझ्या ध्रुवने भिंत खाल्ली!… अगं, भिंत म्हणजे रंग. पोपडा. गणपती बसवतो ना आपण, त्या कोपऱ्यातला… नाही, रडत नाहीये. हसतोय! त्याचीच भीती वाटतेय. ओठाला हिरवं लागलंय… तुझ्या सासरी पेणला मूर्तींचा कारखाना, तुला रंगातलं कळतं. हा कसला रंग ते सांग, डॉक्टर पहिलं तेच विचारतील.

ओलं फडकं? थांब… घासलं. गुलाबी आलं फडक्यावर… पाण्याने सुटतो तो डिस्टेंपर? बरं, मग… जरा खाली घासू?… खाली काहीच येत नाही गं. नुसतं पाणी ओघळलं… सॅनिटायझर? आहे, करोनातली बाटली आहे कुठेतरी… हं, कापसावर घेतलं. ताई, निळं आलं!… सॅनिटायझरने सुटतं ते इमल्शन? आत्ता तर डिस्टेंपर म्हणालीस!… मी नाही गोंधळ घालत, भिंतच घालतेय! आणि अगदी खाली हिरवं, चकचकीत. त्याला पाणी लागत नाही, सॅनिटायझर लागत नाही… ऑईलपेंट?

एका भिंतीला तीन-तीन रंग कसे?… कोण? तुझे अण्णा? अहो अण्णा, दर गणपतीला ताईकडचा उरलेला रंग आणून तुम्हीच फासता ना इथे?… मान हलवतायत. म्हणतात, चांगला रंग टाकून कसा द्यायचा गो… हसू नकोस! हिरवा? तो तुझ्याकडचा नाही, इथलाच. डबा किती जुना ते त्यांनाही आठवत नाही… काय असायचं जुन्या ऑईलपेंटमध्ये? शिसं? पोरांना विषच की ते!

ध्रुव, आ कर. आ… ताई, गालात आहे! अख्खा गालात दाबून ठेवलाय… काढला! बोट चावलं गुलामाने… हिरवाच. पण कोपरा तुटलाय. पोटात गेला की खाली पडला?… हो, हो, निघालेच डॉक्टरांकडे. पोपडा पिशवीत घेते. अण्णा कोपऱ्यापुढे कपाट ओढतायत.

नंतर तुझ्याकडे येऊ? भिंत खरवडून होईपर्यंत?… अगं, तुमच्याकडे ओटीपासून मोरीपर्यंत गणपती वाळतायत, याला कुठे… काय म्हणताय अण्णा?… ताई, ऐक. अण्णा म्हणतायत, तो हिरवा डबा उरला होता, तो त्यांनी पेणला पोचवला. तुझ्या माजघरात लावलाय म्हणे… लावलाय?

ताई, तुझा ऋत्विक आत्ता कुठे रांगतोय?

ताई?… हॅलो?… हॅलो?