वय मोजणारं फंक्शन

बुलढाण्याच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर एक आई अन् तिची कम्प्युटरवाली लेक बसल्या होत्या.

“अर्पिता, तू बनवलेल्या भजनी मंडळाच्या ॲपनं तुह्या बाबाले एकाहत्तराव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा धाडल्या!”

“काय? बाबाले जाऊन तीन वर्षं झाले!”

“मंग त्याईचं वय कोनं वाढवलं?”

“कोनीच नाही, माय. नोंदीत फक्त जन्मतारीख हाये, वय लिहेलच नाही. विचारलं का फंक्शन तवाच मोजून सांगते.”

“मरनाची तारीख नाही का त्यात?”

“हाये, मीच टाकली. पन फंक्शनले ती पाहाले सांगाचं राहून गेलं. आत्ताच दुरुस्त करते.”

“मंग काय होईन?”

“बाबाचं वय अडुसष्टवरच थांबीन.”

“कायमचं?”

“हाव.”

“आज नोको करू, पोरी.”