कोरड्या नळ्या

(बशीत चमचा पडतो.)

केर्विन : हळू! नाया आत्ताच झोपलीय.

लिसेल : अंगणात तुझं इंजिन गुरगुरत असतं तेव्हाही झोपते ती. चमच्यानं उठायची नाही.

केर्विन : म्हणूनच हा कागद बघ. शर्यतीच्या बोटीला धुराच्या नव्या नळ्या घ्यायच्यात. दोन प्रकार आहेत. या ओल्या. धूर पाण्यात मिसळून बोटीखालून जातो. आवाज म्हणजे मांजर घोरतंय.

लिसेल : आणि दुसऱ्या?

केर्विन : कोरड्या. मागून सरळ बाहेर. शेजारच्या टँटी मर्लच्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतील.

लिसेल : त्या टँटीच्या तोंडामुळेच थांबल्यात.

केर्विन : मी ओल्या सांगून आलोय. तुझ्यासाठी.

लिसेल : माझ्यासाठी.

केर्विन : पाच वर्षं ऐकतोय, केर्विन आवाज, केर्विन आवाज.

लिसेल : ते तू इंजिन चालू ठेवून पोरीला मक्याची पेज भरवतोस म्हणून. कोरड्या घे.

केर्विन : काय?

लिसेल : को-र-ड्या. जुन्या ओल्याच होत्या ना? गेल्या शर्यतीत तू एकदम वेग कमी केलास आणि नळ्यांतलं पाणी उलटं इंजिनात शिरलं.

केर्विन : हे तुला कुणी सांगितलं?

लिसेल : तूच. तीन तास टोबॅगोच्या वाटेवर तरंगत बसलास, आणि घरी येऊन तीन तास मला तेवढंच सांगितलंस.

केर्विन : त्या आखूड होत्या, या लांब आहेत. पाणी मागे येत नाही. मिस्त्री म्हणाला.

लिसेल : मिस्त्री तेव्हाही म्हणाला होता. आणि जुन्या निदान वाजायच्या तरी. या वाजणारही नाहीत.

केर्विन : बरं मग? शांत बोट कुणाला नको असते?

लिसेल : त्या दिवशी आम्ही सगळ्या ओसरीवर बसलो होतो. बोट दिसायच्या आधी आवाज येतो. हा अँटनचा, हा रामलोगनचा. जिच्या माणसाचा आला, ती पेलावचा भात चढवायला उठून गेली. शेवटी मी आणि टँटी मर्ल उरलो.

केर्विन : टँटीचं तर कुणीच नव्हतं शर्यतीत.

लिसेल : नव्हतं.

केर्विन : मग ती का बसली?

लिसेल : तिलाच विचार. मी उठेपर्यंत उठली नाही.

केर्विन : ... पण लिसेल, माझी बोट ओढून आणली होती. इंजिन बंद. कोरड्या असत्या तरी तुला काही ऐकू आलं नसतं.

लिसेल : ठाऊक आहे.

केर्विन : तरी?

लिसेल : तरी कोरड्या.

केर्विन : दुकानदार हसेल. त्याच्याकडे बायका आवाज कमी करायला येतात.

लिसेल : हसू दे. त्याची बायको किनाऱ्यावर राहते का?

केर्विन : नाही. डोंगरात.

लिसेल : मग झालं.

केर्विन : ... फोन कुठंय माझा?

लिसेल : पिठाच्या डब्यावर. दुकान बंद व्हायच्या आत कर.

नाया : मम्मी...

लिसेल : उठलीस? ये. केस बघ कसे झालेत.

नाया : डॅडी समुद्रात असला की मला ऐकू येतो.

लिसेल : हो ना. यंदा आणखी लांबून येईल.

नाया : मग आपण इथून हाक मारली तर त्याला ऐकू येते?