पुठ्ठ्यावरचा कीबोर्ड

उत्तरा: तो पुठ्ठा उचलू नकोस. शाई ओली आहे अजून.

त्र्यंबक: आहे काय हे? क्यू, डब्ल्यू, ई, आर... अगं, कीबोर्ड काढलायस की काय? पुठ्ठ्यावर?

उत्तरा: दिसतंय ना, मग विचारतोस कशाला.

(ठाणे पूर्व, कोपरीला लागून असलेला खाडीकाठचा कोळीवाडा. जुलै १९९६, दुपार. घराच्या ओट्यावर उत्तरा आणि तिच्या वर्गातला त्र्यंबक. आत स्टोव्हचा आवाज.)

त्र्यंबक: आणि ह्याच्यावर प्रॅक्टिस करतेस? सॉलिड आहेस यार.

उत्तरा: नापास झालेल्यांना लॅबमधे बसू देत नाहीत. लॅबच्या दगडूकाकांनी पाच मिनिटं आत सोडलं, तेवढ्यात वर्तमानपत्र ठेवून मापं घेतली. अंतरं बरोबर आहेत. फक्त दाबल्यावर काही होत नाही. बस. घर सापडलं लगेच?

त्र्यंबक: विचारत विचारत आलो. नाखव्यांची उत्तरा म्हटलं, तर एक म्हातारी म्हणते, काँप्युटरवाली, नापास झाली ती का?

उत्तरा: बरोबर सांगितलं तिने. तीन वर्षांत पहिल्यांदा आलास.

बायजा: कोन आलाय गो?

उत्तरा: आये, कॉलेजातला त्र्यंबक. माझ्याबरोबर प्रोजेक्टला होता तो.

बायजा: पास झाला त्यो ना? बस रं बाबा. च्या टाकते.

त्र्यंबक: नको मावशी, खरंच नको. आत्ताच घेऊन निघालोय.

बायजा: डोंबिवलीचा च्या ठान्याला पोचेपर्यंत जिरतो. आनि घाबरू नको, सुकट भायेर वालतेय. च्यात नाय घालत.

त्र्यंबक: तसं नाही हो मावशी...

उत्तरा: टाकू दे तिला. नोकरी लागली म्हणे.

त्र्यंबक: हो. अंधेरीला सीप्झमधे, सॉफ्टवेअर कंपनीत. ट्रेनीच आहे अजून, सहा महिने प्रोबेशन. तुला कोण बोललं?

उत्तरा: आपले विभागप्रमुख सर. इंटरव्ह्यूला आपला भरती-ओहोटीचा प्रोग्राम दाखवलास, हेही बोलले. कौतुकाने सांगत होते.

त्र्यंबक: अगं, दाखवायला दुसरं होतं काय? फ्लॉपी माझ्याकडे होती, म्हणून नेलेली.

उत्तरा: हो. फ्लॉपी तुझ्याकडे, वही माझ्याकडे. माझं पत्र मिळालं?

त्र्यंबक: मिळालं ना. त्यासाठीच आलो. म्हणजे, त्यासाठीपण.

उत्तरा: आधी पत्राचं बोलू. माझे लेखी पेपर सगळे सुटलेत, हे तुला माहीत आहे. प्रॅक्टिकलला नापास, म्हणून अख्खा निकाल नापास. सर म्हणाले, पार्टनरने लिहून दिलं तर ते विद्यापीठाला कळवतील, प्रॅक्टिकल परत घ्यायची विनंती करतील. एकच वाक्य. ‘प्रोग्राम उत्तरा नाखवाने लिहिला, मी टाईप केला.’ खाली तुझी सही. शनिवारच्या आत. एमसीएला माझी सीट लागली आहे, ती एकतीस तारखेपर्यंत ठेवतात. ऑक्टोबरला पास होऊन तिचा मला उपयोग नाही.

त्र्यंबक: एकच वाक्य तुझ्यासाठी. उद्या ते कंपनीत कोणाच्या हातात पडलं तर?

उत्तरा: खोटं आहे का ते?

त्र्यंबक: खोटं नाही गं. पण इतकं सिंपलपण नाही. चौदाशे ओळी बडवल्यात मी. मामाच्या टायपिंग क्लासमधे जाऊन जाऊन हात बसवलेला, म्हणून झाल्या त्या.

उत्तरा: माझ्या वहीतून.

त्र्यंबक: मग तू बसायचंस ना मशीनवर! कोणी अडवलेलं?

उत्तरा: कोणीच नाही. आठवड्याला दोन तास लॅब, एका मशीनला तिघं. सर काय म्हणायचे? ज्याचा हात चालतो त्याने बसा, बाकीच्यांनी सांगा, वेळ फुकट घालवू नका. मी तीन वर्षं तुझ्या मागे उभं राहून सांगितलं. बिगिन. कंस. कंस पुरा. सेमीकोलन. तू म्हणायचास, हं, पुढे. मला वाटायचं, सांगणं हेच काम आहे. टाईप करणं म्हणजे नुसती हमाली.

त्र्यंबक: थँक यू.

उत्तरा: चुकलंच ते माझं. मोठी चूक होती. एक्स्टर्नलनी प्रत्येकाला वेगळ्या मशीनवर बसवलं तेव्हा कळली. चौदा ओळींचं प्रोसिजर. कागदावर पाच मिनिटांत लिहिलं. मग मशीनवर कंस सापडेना. कंस दिसत होता, नऊच्या डोक्यावर, पण दाबलं की नऊच उमटायचा. दुसऱ्या हाताने शिफ्ट धरायची असते, हे मला ठाऊकच नव्हतं.

त्र्यंबक: असं कसं? रोज तर बघायचीस.

उत्तरा: मागून बघायचे. तुझा डावा हात मला कधी दिसला नाही. वेळ संपली तेव्हा सातव्या ओळीवर होते. त्यांनी माझ्या कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, प्रोजेक्ट कुठून विकत आणलंत, बाई?

त्र्यंबक: आठवतंय मला.

उत्तरा: आठवणारच. शेजारच्या मशीनवर होतास.

त्र्यंबक: माझीपण परीक्षा चालू होती, उत्तरा!

उत्तरा: तुला विचारलं त्यांनी.

त्र्यंबक: आणि मी म्हटलं, दोघांनी केलंय.

उत्तरा: ते आधी. मग त्यांनी विचारलं, मुख्य कोणी? तू म्हणालास, ‘सर, लॉजिक माझं. तिने डेटा जमवला.’

त्र्यंबक: फाटलेली यार माझी. दोघंही गेलो असतो. तुला काय वाटतं, मला झोप लागते? बाबांच्या कारखान्याला दीड वर्ष कुलूप आहे. वागळे इस्टेटला जातात अजून, डबा घेऊन. गेटसमोर बसतात आणि पाच वाजता घरी येतात. मी नापास झालो असतो तर घरात काय सांगणार होतो?

उत्तरा: मी काय सांगितलं असेल, असं वाटतं तुला? आईला वाटतंय, पेपर अवघड होता. बरं. ‘त्यासाठीपण’ म्हणालास. दुसरं काय होतं?

त्र्यंबक: आता राहू दे.

उत्तरा: कोपरीपर्यंत आलायस तर बोल.

त्र्यंबक: सोमवारी डेमो आहे. खाडीतून वाळूचे बार्ज चालवणारी पार्टी आहे, त्यांना भरतीच्या वेळा पाहिजेत. मॅनेजरने कोड वाचला. तिथीचा पाऊणपट केला की भरतीची वेळ, ते त्याला पटलं. मग आपण ठाण्यासाठी मिनिटं वाढवतो ना? एरवी पंचवीस, आणि अष्टमीच्या आसपास चाळीस. त्याने विचारलं, हे दोन आकडे कुठून आले? मी म्हटलं, करेक्शन फॅक्टर. तो म्हणाला, कसलं करेक्शन?

उत्तरा: मग?

त्र्यंबक: मग काय, पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर गेलो. तुझ्या वहीत असेल ना ते? दोन दिवस दे. झेरॉक्स काढतो आणि परत आणून देतो.

उत्तरा: वहीत आहे. समासात. समासातलं टाईप करायचं नसतं, म्हणून तू कधी वाचलं नाहीस.

त्र्यंबक: टोमणे नको ना आता.

उत्तरा: टोमणा नाही. हा कागद. पेन तुझ्या खिशाला आहे. एक वाक्य लिही आणि वही घेऊन जा. झेरॉक्सही नको, अख्खी ने.

त्र्यंबक: थोडा टाईम दे ना यार.

उत्तरा: परवा शनिवार आहे.

त्र्यंबक: असं लिहिलं तर? ‘प्रोजेक्टमधे दोघांचा समान वाटा होता.’ इतकं चालेल?

उत्तरा: ...चालेल.

त्र्यंबक: नक्की? नंतर नाही म्हणशील.

उत्तरा: समान चालेल. लिही.

त्र्यंबक: कोणाच्या नावाने? माननीय प्राचार्य की सर?

उत्तरा: प्रमुख सरांच्या. वर आजची तारीख घाल.

बायजा: घे रं च्या. गरम हाय, कपाला वर धर. आनि ह्या काय लिवता? पुन्ना परीक्षा?

त्र्यंबक: नाही मावशी. ते आपलं... मावशी, एक विचारू? तुम्हाला भरतीचं कळतं ना?

उत्तरा: त्र्यंबक. आधी लिही.

त्र्यंबक: लिहितोय गं. सहज विचारतोय. मावशी, ठाण्याला पाणी उशिरा चढतं ना? तर एरवी पंचवीस मिनिटं, आणि अष्टमीला...

उत्तरा: आये, तू आत जा. स्टोव्ह चालू राहिलाय.

बायजा: बंद केला मी. आनि आत का जाऊ? मना कलत नाय काय ह्यातला? हिला कोनी सांगितला सगला? हिनं सांगितला नाय तुला? पंधरा दिस ही घड्याल घेऊन धक्क्यावर बसलेली, आनि मी बाजूला सांगत व्हते, आता लागला पानी, आता फिरला.

त्र्यंबक: खरंच? मग अष्टमीला जास्त उशीर का होतो?

उत्तरा: आये!

बायजा: वरडतेस कशाला? पानी काय मोटारीन बसून येते? समिंदरातना निघते, आख्खी खाडी चढते, तवा आपल्या बंदराला लागते. म्हनून उशीर. पुनव-अवसेला उधान. मागना रेटा असते, झपाझपा येते. अष्टमीच्या आगंमागं भांग. तवा पानी थोडा, त्याच्यात जीव नाय. चिखलाला घासत घासत येते बिचारा. मंग जास्त उशीर नाय व्हनार?

त्र्यंबक: एक मिनिट, एक मिनिट. उधाणाला रेटा... भांगाला पाणी कमी... तळाला घासून...

बायजा: लिव, लिव. आनि वारा उलटा असला तर चढतीला...

उत्तरा: त्र्यंबक, डायरीत नाही. कागद हा आहे.

त्र्यंबक: हो गं, विसरेन म्हणून आधी हे. मावशी, क्या बात है! हे सालं कुठल्याच पुस्तकात नाही.

बायजा: पुस्तकान कशाला पायजे? कोलियाच्या बारक्या पोराला इचार, सांगंल.

त्र्यंबक: झालं. चला, मी निघतो. उशीर झाला.

उत्तरा: वाक्य राहिलं.

त्र्यंबक: अगं, असं घाईत नको. नीट ड्राफ्ट करतो घरी. शनिवारी कॉलेजला येतोच, तिथे देतो सरांच्या हातात.

उत्तरा: शनिवारी तुझं ऑफिस असतं.

त्र्यंबक: हाफ डे टाकतो ना. प्रॉमिस.

उत्तरा: तारीख घालून झाली आहे. पाच शब्द आहेत, त्र्यंबक. तू मिनिटाला चाळीस मारतोस.

त्र्यंबक: असं कोपऱ्यात घेऊ नकोस ना मला. आणि खरं सांगू? मावशींनी सांगितलं म्हटल्यावर लॉजिक नक्की कोणाचं म्हणायचं आपण? रिपोर्टमधे तर तू ‘स्थानिक माहितगार’ एवढंच लिहिलंयस. मी टाईप केलंय ते, म्हणून लक्षात आहे. सॉरी. तसं नव्हतं म्हणायचं. येतो मावशी. थँक यू हां.

बायजा: ये रं. सावकास जा, ओट्याखाली चिखल हाय... गेला पन. च्या तसाच ठेवून गेला. साय धरली वरती.

उत्तरा: घेत नाहीत ते.

बायजा: च्यासुद्धा? मंग हा कागद कसला? ह्याच्यावर तं नुसती तारीक हाय.

उत्तरा: राहू दे. माझ्या कामाचा होता.

बायजा: मी मधीच बोलले, म्हनून रागावलीस? चुकीचा सांगितला काय मी?

उत्तरा: नाही आये. सगळं बरोबर सांगितलंस.

बायजा: मंग तोंड असा का केलंस? आनि त्यो काय बोलला, थानिक... थानिक काय?

उत्तरा: स्थानिक माहितगार.

बायजा: त्यो कोन?

उत्तरा: तू.

बायजा: मी? मंग सरल नाव का नाय लिवलास? बायजा चांगदेव नाखवा. शालेच्या फारमावर तं लिवायचीस.

उत्तरा: सर वाचणार होते. बाहेरचे परीक्षक वाचणार होते. मला वाटलं, असं लिहिलेलं बरं दिसेल.

बायजा: बरा दिसला? आनि ह्या पोरानं आता लिवून नेला, त्याच्यान हाय माझा नाव?

उत्तरा: नाही.

बायजा: तुझा?

उत्तरा: पुठ्ठा वाळला का बघ गं, आये.