पोटऱ्या कुणाकडच्या?

...आन् मला सांगा, नातवाच्या पोटऱ्या चांगल्या असल्या तर आजानं गप बसायचं व्हय? आवं, मी शिराळ्याचा मानसिंग वस्ताद, सारी हयात तालमीच्या मातीत गेली, आन् माझा नातू वीरधवल, सहा वर्साचा, त्याच्या पोटऱ्या... काय सांगू तुमाला! अशा टंच, अशा गच्च! घरात कोन बी आलं की पोराची प्यांट गुडघ्यापातुर वर वढायची आन् म्हनायचं, "पोटऱ्या बगा, पोटऱ्या!"

पन आमचं व्याही, मेढ्याचं भाऊसो, ते कुठं ऐकत्यात! "वस्ताद, त्या आमच्याकडनं आल्यात. आमी डोंगर चढनारी मानसं." म्हनलं, "डोंगर शेरडं बी चढत्यात, भाऊसो! पोटऱ्या आमच्याच!" कुठलं बी कार्य असू द्या, जेवनं ऱ्हायली बाजूला, ह्योच वाद! शेवटी सून, अंकिता, ती मदी पडायची, "मामा, पप्पा, आवं एकेक वाटून घ्या की!"

आता पोरगं पडायचं लय, ह्ये खरं. जिना चढंना. भुईवर बसलं की मांडीवर हात टेकत टेकत उठायचं, आन् मी गाढव म्हनायचो, बगा, आत्तापासनं शड्डू मारतंय! बैठका काढाय लावायचो वो मी त्याला... रडायचं पोरगं. म्हनायचो, रडू द्या, पोटऱ्या बगा, पोटऱ्या!

अंकिताच हट्टाला पेटली, म्हनून सांगलीला न्हेलं. तपासन्या झाल्या. निकालाला सारी वरात डॉक्टरीनबाईपुढं. बाई लय गोड बोलायच्या, "आजोबा, स्नायूच्या पेशीला आतून दोऱ्यांचा सांगाडा असतो. आणि मण्यांच्या माळेसारखं एक लांबलचक प्रोटीन असतं. त्याच्या एका टोकाला दोन बारीक गुंडाळ्या, त्या हा दोरा धरून ठेवतात. दुसरं टोक पेशीचं आवरण धरतं. वीरधवलच्या एका गुंडाळीत एकच मणी चुकीचा ओवला गेलाय, म्हणून तिला नीट घडीच पडत नाही."

"मंग?"

"मग ते प्रोटीनच टिकत नाही. हालचाल झाली की पेशी फाटत जातात."

"आन् ह्या पोटऱ्या?"

"त्यांत चरबी भरलीय, आजोबा. ताकद नाही."

चरबी! आवं, साऱ्या तालुक्याला पकड शिकवली मी, आन् माझ्याच नातवाच्या अंगात तेवढ्याश्या गुंडाळीला एक दोरा धराय येईना? म्हनलं, बरं व्हईल न्हवं? तर बाई म्हनत्यात, "औषधानं आजार सावकाश वाढेल. थांबणार नाही." पोरगं तितंच खुर्चीत पाय हालवत बिस्कूट खात हुतं.

मंग बाईंनी इचारलं, "घराण्यात आणखी कुणाला आहे? बहुतेक वेळा हे आईकडून येतं." झालं! आमच्या आमच्या म्हननारं भाऊसो भिंतीकडं बगाय लागलं. आन् अंकिता... तोंडात वढनी कोंबून रडत हुती, पोराला ऐकू जाऊ ने म्हनून. मी उठलो. म्हनलं, "बाई, लिवा. आमच्याकडनंच आलंय. साऱ्या शिराळ्याला ठावं हाय."

"आजोबा, मुलाला हे वडिलांकडून येतच नाही. शास्त्रात तसं नाही."

म्हनलं, "नसंल बाई. शास्त्राला कुठं सून हाय?"